स्क्रीनवरचा निरोप आणि खात्यातला पैसा

(वैराग, ता. बार्शी, जि. सोलापूर इथे तरुण व्यावसायिक आणि विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





मी याच गावचा. शाळा इथं झाली, इंजिनिअरिंग सोलापुरात केलं आणि त्यानंतर पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतोय. त्यातली बरीच वर्षं पैशांच्या देवाणघेवाणीच्या सॉफ्टवेअरवर गेली. दुकानात तुम्ही स्कॅन करता, मग आवाज येतो, त्या मधल्या दोन-तीन सेकंदांत जे घडतं त्याचा एखादा बारीक तुकडा माझ्यासारखी माणसं लिहीत असतात. म्हणून आजचा विषय माझ्याकडे आला: ऑनलाइन पेमेंट चालतं कसं, आणि गिऱ्हाइकानं आणि दुकानदारानं त्यातलं काय समजून घ्यावं.

सुरुवात घरच्या गोष्टीनं करतो. गेल्या वर्षी आमच्या नात्यातली दोन बँक खाती एकाच महिन्यात बंद पडली.

पहिलं माझ्या मामूंचं. ते फळं विकतात, रमजानमध्ये खजूर ठेवतात. एका अनोळखी गिऱ्हाइकानं २,४०० रुपयांचे खजुराचे डबे घेतले, स्कॅन केलं, पैसे आले. आठ-दहा दिवसांनी मामू व्यापाऱ्याला पैसे पाठवायला गेले तर पैसे जाईनात. बँकेत गेल्यावर कळलं, दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांकडून आलेल्या तक्रारीमुळे खातं फ्रीझ झालंय. अडचण २,४०० ची होती, अडकलं सगळं खातं. ऐन रमजानमध्ये.

दुसरं माझ्या चुलतभावाचं. वय वीस, कॉलेजला जाणारा. ओळखीच्या एकानं त्याला सांगितलं, "तुझं खातं नुसतं पडून आहे, मला दोन महिने वापरायला दे. ऑनलाइन गेमचे पैसे फिरवायचेत. पाच हजार देतो." यानं एटीएम कार्ड दिलं, त्या खात्याला जोडलेलं सिमकार्डही दिलं. त्या खात्यातून अकरा लाखांच्या वर रक्कम फिरली. मग घरी पोलिसांची नोटीस आली.

एकानं खजूर विकला, एकानं खातं विकलं. पण बँकेच्या संगणकात दोघांची नोंद एकसारखीच होती: फसवणुकीच्या तक्रारीतले पैसे या खात्यात आले. आणि मी पुण्यात बसून रोज हेच काम करत होतो, पण या दोघांपाशी कधी त्याबद्दल बोललो नव्हतो. ती माझी चूक. आज ती थोडी भरून काढायला आलोय.

पैसा आधी की निरोप आधी?

यूपीआय कसं चालतं ते आधी समजून घेऊ. ही यंत्रणा एनपीसीआय चालवते. भारतीय रिझर्व्ह बँक आणि देशातल्या बँकांच्या संघटनेच्या पुढाकारानं २००८ मध्ये ही संस्था उभी राहिली. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत रघुराम राजन यांनी यूपीआयची सुरुवात केली, ऑगस्टपासून बँकांची अॅप्स लोकांच्या हातात येऊ लागली आणि नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे.

समजा, तुम्ही मामूंकडून १०० रुपयांची केळी घेतली. तुम्ही स्कॅनर स्कॅन केला. आपण ज्याला स्कॅनर म्हणतो त्या क्यूआरमध्ये पैसे नसतात, फक्त पत्ता असतो. कोणाच्या खात्यावर पाठवायचे, तेवढंच. तुम्ही रक्कम आणि पिन टाकलात. अॅपनं एनपीसीआयला निरोप दिला. एनपीसीआयनं तुमच्या बँकेला सांगितलं, "या खात्यातून १०० कमी करा." बँकेनं पिन आणि शिल्लक तपासून उत्तर दिलं, "केले." मग एनपीसीआयनं मामूंच्या बँकेला सांगितलं, "१०० जमा करा." तिनं सांगितलं, "केले." मग दोन्ही बाजूंना कळवलं गेलं.

या सगळ्यात एकही नोट कुठून कुठे हलली नाही. बँका आपसातला हिशेब दिवसातून ठरावीक वेळा एकत्र करतात आणि रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांवर चुकता करतात. मामूंना पैसे लगेच मिळाले ते निरोपाच्या भरवशावर. ही पद्धत आपल्याला नवी नाही. आपल्या व्यापाऱ्यांत हुंडी चालायची. एका गावच्या पेढीवर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची, दुसऱ्या गावच्या पेढीवर ती दाखवून पैसे घ्यायचे. पेढ्या आपसात नंतर हिशेब करायच्या. यूपीआयमध्ये ती चिठ्ठी दोन सेकंदांत पोचते एवढंच.

पण चिठ्ठी खोटी निघाली तर? हे आपल्या महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. यूपीआय नवीन असताना बँक ऑफ महाराष्ट्रच्या यंत्रणेत एक दोष राहून गेला होता. शिल्लक नसलेल्या खात्यांतूनही "पैसे गेले" असा निरोप पुढे जात होता आणि समोरच्या बँका त्या निरोपावर विश्वास ठेवून पैसे जमा करत होत्या. मार्च २०१७ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा आकडा सुमारे २५ कोटी रुपयांचा होता. बँकेला ते पैसे वसूल करायला खातेदारांच्या मागे लागावं लागलं.

म्हणून आज एकच गोष्ट लक्षात ठेवा. स्क्रीनवर दिसतो तो निरोप असतो. तो कोणाकडून आला आणि त्याच्यामागे काय व्यवहार आहे, हे ज्याला दाखवता येतं त्याचा पैसा टिकतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

दुकानात बसणाऱ्यासाठी

गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं, "हे बघा, झालं." हिरवी खूण, तुमचं नाव, रक्कम, सगळं बरोबर. पण ती स्क्रीन गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आहे. तसंच चित्र दाखवणारी खोटी अॅप्स आहेत, जुना स्क्रीनशॉट तारीख बदलून दाखवता येतो. तुमच्या बँकेकडून किंवा तुमच्या पेमेंट कंपनीकडून तुमच्या बाजूला आलेला निरोप तेवढा तुमचा. बॉक्समधला आवाज म्हणूनच उपयोगाचा. त्या बॉक्सला स्वतःचं सिम असतं, निरोप थेट कंपनीच्या सर्व्हरवरून येतो, गिऱ्हाइकाच्या मोबाइलशी त्याचा संबंध नसतो. बॉक्स बोलला नाही, रेंज गेली, गर्दी आहे, तरी स्वतःच्या अॅपमधली नोंद बघा. मेसेजवरही एकदम जाऊ नका. बँकेसारखा दिसणारा मेसेज साध्या मोबाइल नंबरवरून कुणीही पाठवू शकतो.

दुसरं, सकाळी दुकान उघडल्यावर स्वतःच्या स्कॅनरवरून एकदा एक रुपया पाठवून बघा. रात्रीतून कोणी आपला कागद तुमच्या कागदावर चिकटवून गेला असेल तर तेव्हाच कळेल. पैसे देणाऱ्यानंही पिन टाकण्याआधी वर आलेलं नाव वाचावं. बँकेत नोंदलेलं नाव अॅपमध्ये दिसतं. दुकानावर पाटी एक आणि नाव भलतंच असेल तर सरळ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

तिसरं, "चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत पाठवा" असा फोन. आधी आपल्या खात्यात खरंच जमा आहेत का ते बघा. बहुतेक वेळा नसतातच. असले, तरी तो सांगेल त्या नंबरवर नव्यानं पाठवू नका. दुकानाचं अॅप असेल तर त्याच व्यवहारावर रिफंडचं बटण असतं, ते वापरा. म्हणजे ज्या खात्यातून आले तिथेच जातील. नाहीतर त्याला सांगा, "तुझ्या बँकेत तक्रार कर, माझी बँक विचारेल तेव्हा मी हो म्हणतो." हे लक्षात असू द्या, कारण चोरीचे पैसे तुमच्या हातून तिसऱ्याच खात्यात पाठवायचे, ही त्यांची एक युक्ती आहे.

आता खर्चाचं. डिसेंबर २०१६ मध्ये ठाणे जिल्ह्यातलं मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. व्यापाऱ्यांना कार्ड घासायची मशिनं मिळाली होती. कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराला टक्केवारी द्यावी लागते. लहान दुकानाचा नफा तो केवढा, त्यातून ही टक्केवारी कशी निघणार? वर्षभरात तिथले व्यापारी पुन्हा रोखीकडे वळल्याच्या बातम्या आल्या. पुढे १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरची ही टक्केवारी सरकारनं शून्य केली. मशिनीला जे जमलं नाही ते कागदावरच्या स्कॅनरला जमलं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

मग कंपन्यांना काय मिळतं? बॉक्सचं भाडं मिळतं, रिचार्ज आणि विम्याचं कमिशन मिळतं, आणि तुमच्या रोजच्या गल्ल्याचा अंदाज घेऊन दुकानदाराला दिलेल्या कर्जावर पैसा मिळतो. "तुम्हाला ८० हजार मंजूर" असं अॅपवर आलं तर ते बक्षीस समजू नका. रोजच्या जमेतून हप्ता कापला जातो. व्याज किती, फी किती, हे वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

आणखी एक. फोनपे, गुगल पे या बँका नाहीत. ते दरवाजे आहेत, पैसा बँकेत असतो. हे २०२४ मध्ये अनेक दुकानदारांना अचानक कळलं. रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले आणि १५ मार्चनंतर त्या बँकेच्या खात्यात नव्यानं पैसे घेणं थांबलं. ज्यांचा स्कॅनर त्या बँकेतल्या खात्याला जोडलेला होता त्यांना दुसरी बँक जोडावी लागली. ज्यांचा दुसऱ्या बँकेला जोडलेला होता त्यांचं काम चालू राहिलं. तुमच्या काउंटरवरचा कागद कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्याला जोडलाय, आत्ता सांगता येईल का? घरी गेल्यावर बघा.

विकत घेणाऱ्यासाठी

आपल्या बहिणींपैकी कितीतरी जणी इन्स्टाग्रामवर बघून कपडे मागवतात, कितीतरी जणी विकतातही. दोन्ही बाजू बघू.

अनोळखी माणसाशी व्यवहार करताना जुना प्रश्न असतो: आधी पैसे की आधी माल? चीनमध्ये वीसेक वर्षांपूर्वी अलीपेनं यावर तोडगा काढला. गिऱ्हाइकाचे पैसे मधल्यानं धरून ठेवायचे, माल मिळाल्याचं त्यानं कळवलं की विकणाऱ्याला द्यायचे. याला एस्क्रो म्हणतात. आपल्या बोलीत अमानत. आपल्याकडे वेबसाइटवर पैसे भरता तेव्हा ते बहुधा मधल्या पेमेंट कंपनीकडे जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार या कंपनीनं गिऱ्हाइकांचे पैसे स्वतःच्या पैशांत मिसळायचे नाहीत, बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे. मोठ्या खरेदीच्या साइट विकणाऱ्याला पैसे देतात तेही माल पोचल्यावर आणि परत करायची मुदत लक्षात घेऊन.

पण इन्स्टाग्रामवरच्या अनोळखी विक्रेत्यानं आपला स्कॅनर पाठवला आणि तुम्ही पैसे टाकले, तर मध्ये कोणी नाही. पैसे थेट त्याच्या खात्यात. अमानत सांभाळणारा कुणीच नाही. दोन्ही ठिकाणी अॅप तेच, पिन तोच, आवाज तोच. फरक एवढाच की एका ठिकाणी भांडायला जागा आहे, दुसऱ्या ठिकाणी फक्त पोलीस आहेत. म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून पहिल्यांदा घेताना पार्सल हातात आल्यावर पैसे द्या, नाहीतर रकमेला लगाम ठेवा.

पिनबद्दल एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावा: यूपीआय पिन पैसे पाठवायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. "पैसे मिळवायला पिन टाका" म्हणणारा चोर असतो. अनोळखी माणूस पैशांची मागणी पाठवायचा आणि लोक मिळणार समजून पिन टाकायचे. हे इतकं वाढलं की १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद झाली. स्कॅनर पाठवून तोच खेळ अजून चालतो.

पैसे कापले गेले आणि दुकानदाराला मिळाले नाहीत तर? घाबरून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. व्यक्तीला पाठवलेले अडकले तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानाला दिलेले अडकले तर पाच दिवसांपर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं द्यायची. यासाठी स्क्रीनशॉटपेक्षा महत्त्वाचा आहे व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, ज्याला यूटीआर म्हणतात. बँकेशी बोलताना तोच सांगा. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट.

आणि फसवणूक झालीच तर १९३० ला फोन करा. आधी घरात चर्चा, मग मित्राला विचारणं, मग उद्या बघू, असं करू नका. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात मिनिटांत हलवतो. १९३० वर तक्रार लागली की ती त्या साखळीतल्या बँकांपर्यंत जाते आणि पैसे वाटेत सापडले तर रोखले जातात. सोबत बँकेलाही लेखी कळवा. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही, हा २०१७ चा नियम आहे. तुम्ही स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्हीकडे लवकर कळवणाऱ्याचाच फायदा आहे.

घरातून विकणाऱ्या बहिणींसाठी

समजा, तुम्ही शिवलेला बुरखा किंवा दुपट्टा वेबसाइटवरून १,००० रुपयांना विकलात. गिऱ्हाइकानं क्रेडिट कार्डानं पैसे भरले. पेमेंट कंपनीची फी दोन टक्के धरली तर २० रुपये, त्या फीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३ रुपये ६० पैसे. तुमच्या खात्यात येणार ९७६ रुपये ४० पैसे, तेही एक-दोन दिवसांनी. भाव ठरवताना हे धरा, नाहीतर नफा यातच जाईल.

आणि पैसे आले म्हणजे व्यवहार संपला असं नाही. कार्डवाला गिऱ्हाईक पुढे बँकेला सांगू शकतो, "माल मिळालाच नाही." याला चार्जबॅक म्हणतात. मग तुम्हाला ठरावीक दिवसांत पुरावा द्यावा लागतो. बिल, कुरिअरची पावती, पोच, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं. काहीच नसेल तर मालही गेला, पैसेही गेले. तेव्हा पार्सल बांधताना एक छोटा व्हिडिओ काढा आणि कुरिअरची पावती तरी तीन-चार महिने फेकू नका.

मामूंचं काय झालं

आता पुन्हा त्या दोन खात्यांकडे येतो. पुरावा हा शब्द आलाच आहे.

१९३० बद्दल मी आत्ता चांगलं बोललो. मामूंचं खातं त्याच यंत्रणेनं अडकलं होतं. दूर कुठेतरी कुणाची तरी फसवणूक झाली, तिनं किंवा त्यानं वेळेत तक्रार केली, पैशांची साखळी पकडली गेली, आणि त्या साखळीच्या शेवटच्या कडीला आमचे मामू खजूर तोलत उभे होते. ज्याचे पैसे गेले त्याच्यासाठी ही यंत्रणा हवीच. पण २,४०० रुपयांसाठी सगळं खातं बंद करणं हा लहान दुकानदारावर अन्याय आहे, हेही म्हटलं पाहिजे. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत सांगितलं की तक्रारीत जेवढी रक्कम आहे तेवढ्यापुरतंच खातं रोखावं. असा अर्ज करता येतो, हे मामूंना माहीत नव्हतं. मलाही शोधावं लागलं.

मी पुण्याहून आलो. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचा ईमेल घेतला. मग मामूंना विचारलं, "त्या दिवशीची काही नोंद?" मामूंनी गल्ल्याखालून वही काढली. मामू अॅपवर विश्वास ठेवत नाहीत, पाचशेच्या वरचा प्रत्येक व्यवहार वहीत लिहितात. तारीख, डबे चार, रक्कम २,४००, ऑनलाइन. डबे घरपोच द्यायचे होते म्हणून गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबरही. सोलापूरच्या व्यापाऱ्याकडून खजूर आणल्याचं बिल त्याच वहीत घडी घालून ठेवलेलं. त्या पानाचा फोटो, बिल, यूटीआर क्रमांक आणि एक पानी अर्ज पोलिसांना आणि बँकेला पाठवला. खातं रोखायचं तर २,४०० पुरतंच रोखा, अशी विनंती केली. दोन आठवड्यांनी बाकी खातं मोकळं झालं. उरलेल्या रकमेला सात आठवडे लागले. तोवर रमजान सरला होता. मधल्या काळात बाजारातल्या इतर व्यापाऱ्यांनी मामूंना माल उधार दिला म्हणून गाडा चालू राहिला.

चुलतभावासाठीही मी तोच अर्ज लिहायला बसलो. त्याला विचारलं, "हे अकरा लाख कशाचे? काय विकलंस? कुणाला?" तो गप्प. लिहायला ओळच नव्हती. "मला माहीत नव्हतं" एवढंच त्याच्याकडे होतं, आणि कार्ड, सिम स्वतःच्या हातानं दिलेलं. वकील केला, दुसऱ्या राज्यात दोनदा चौकशीला जाऊन आला. त्या प्रवासाचाच खर्च मिळालेल्या पाच हजारांच्या कितीतरी पुढे गेला. प्रकरण अजून संपलेलं नाही. नोकरीच्या फॉर्मवर "तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का?" हा रकाना आला की त्याची आई माझ्याकडे बघते.

मी त्याला वाईट मुलगा म्हणणार नाही. त्याच्या वयात हातात पैसे नसताना पाच हजार मोठे वाटतात. पण तुमच्यापैकी कुणाला असा फोन आला असेल, येणार असेल, तर ऐका. खातं भाड्यानं देणं म्हणजे आपलं नाव भाड्यानं देणं. पैसे कोणाचे, कुठून आले, हे संगणक विचारत नाही. तो फक्त खात्यावरचं नाव वाचतो. नाव तुमचं आहे, अब्बांचं आहे.

या आठवड्यात काय करायचं

भाषण ऐकून घरी गेलो आणि विसरलो, असं नको. चार कामं सांगतो.

पहिलं, दुकानाचं खातं आणि घरखर्चाचं खातं वेगळं करा. एक अडकलं तरी घरात किराणा येईल. दुकानासाठी चालू खातं काढा. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, त्यामुळे व्याजाचं काय करायचं म्हणून खातं काढायला कचरणाऱ्यांचा तोही प्रश्न सुटतो.

दुसरं, वही ठेवा. मोबाइलमध्ये ठेवा, कागदावर ठेवा, पण मोठा व्यवहार लिहा आणि बिल द्या. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याची लेखी नोंद आणि साक्षीदार याबद्दलच आहे, हे तुम्ही मदरशात शिकलाय. मामूंची वही मला त्या दिवशी तशीच वाटली.

तिसरं, आपल्या गल्लीतल्या पाच वयस्क दुकानदारांकडे जा. त्यांचा स्कॅनर कोणत्या खात्याला जोडलाय ते बघून द्या, १९३० हा नंबर काउंटरवर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. त्यांचा पिन मात्र विचारू नका, त्यांनी सांगितला तरी कान बंद करा.

चौथं, घरातल्या धाकट्या भावाला आज रात्री जेवताना विचारा, "तुझं खातं, तुझं सिम कुणाकडे आहे का?" मी हे विचारलं असतं तर आमच्या घरात आज वेगळी परिस्थिती असती.

कोणाचं खातं आत्ता अडकलेलं असेल तर भाषणानंतर मला भेटा. अर्जाचा नमुना मी सोबत आणलाय. येताना बँकेचं पत्र, यूटीआर क्रमांक आणि तुमच्या वहीचं ते पान घेऊन या.